इताला पडलेलं मत

पालोमारबाईंनी मतपत्रिका खिडकीच्या उजेडाकडे धरली, चष्मा वर सरकवला आणि पुन्हा एकदा वाचून पाहिली.

"कप्तानपदासाठी... इता," त्या म्हणाल्या. "नुसतं इता लिहिलंय. पुढे-मागे काही नाही."

वर्गात मागे कुणीतरी हसलं. आमच्याकडे कप्तानाच्या, म्हणजे गावच्या सरपंचाच्या, निवडणुकीत उमेदवाराचं नाव मतदाराने स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. मोजणीच्या वेळी शाळेच्या बाई ते मोठ्याने वाचतात आणि फळ्यावर रेघ ओढली जाते. कुणी नावाची पार वाट लावलेली असते, कुणी नावाखाली शिवी लिहिलेली असते. त्यामुळे मोजणीला सगळं बुलानाव गाव जमतं. बाकांवर जागा मिळाली नाही तर माणसं खिडक्यांचे गज धरून बाहेर उभी राहतात.

"इता कोण? असा उमेदवारच नाही," कप्तान ओकेंदोचा माणूस बर्तो म्हणाला. तो बाईंच्या टेबलाला खेटूनच बसला होता. "बाद करा."

"टोपणनाव असेल तर धरता येतं. पण उमेदवाराने सांगायला हवं की हे माझंच नाव." बाईंनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. "नानाय फेलिंग, तुम्हाला कुणी इता म्हणतं का?"

पहिल्या बाकावर फेलिंग, म्हणजे फेलिसितास आब्रेनिका, बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. चाळीस वर्षं तिने या गावात बाळंतपणं केली. वर्गातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती, आणि सगळी तिला नानाय, म्हणजे आई म्हणत. तिचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. आई लवकर गेली आणि धाकटा भाऊ एलिसेओ तेव्हा रांगत होता. त्याला वाढवण्यात तिचं वय निघून गेलं. त्याला फेलिसितास म्हणता येत नसे. तो इता म्हणायचा. पुढे मोठा झाल्यावर चारचौघांत तो तिला नुसतं मनांग म्हणू लागला, ताई म्हणावं तसं. इता हे नाव घराच्या आतलं राहिलं.

एलिसेओ खिडकीबाहेर उभा होता. तिने तिकडे पाहिलं नाही.

आदल्या दिवशी दुपारी तो तिच्याकडे आला होता. हातात दोन मासे, सुतळीत ओवलेले. ते त्याने मोरीवर ठेवले आणि दारातच बसला.

"आत ये की. जेवलास?"

"जेवलो." तो बराच वेळ चपलेला लागलेला चिखल काडीने काढत राहिला. "बर्तो आला होता गं."

"तो सगळ्यांकडेच जातोय."

"मला म्हणाला, कप्तानाचं नाव सगळंच्या सगळं लिहायचं. विल्फ्रेदो, मग त्याच्या आईकडचं आडनाव, मग ओकेंदो. दुसरं कुणी असं लिहिणार नाही. बाई वाचतील तेव्हा तो ऐकणार."

"आणि नाही ऐकू आलं तर?"

"मारिझेलचा करार संपतोय या महिन्यात."

मारिझेल त्याची एकुलती एक मुलगी. पालिकेच्या कचेरीत जन्माचे दाखले टाइप करायची. कायम नव्हती, दर सहा महिन्यांनी करार नवा व्हायचा, आणि तो व्हायला कप्तानाचा शब्द लागायचा. एलिसेओची बायको आजारी पडली तेव्हा दवाखान्याचं बिलही कप्तानानेच भरलं होतं. ती वाचली नाही, पण शवपेटीही त्यानेच दिली. कप्तान ओकेंदो वाईट माणूस आहे असं गावात कुणी म्हणणार नाही. त्याच्याकडे मागितलं की मिळतं. फक्त मागावं लागतं.

फेलिंग उभी राहिली ती पुलासाठी. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात नदीवरचा पूल वाहून गेला. मंजुरीची पाटी लागली, पाटीवर हसरा फोटो लागला, पाटी गंजली. गेल्या पावसात लुसिंगची सून अडली. फेलिंगने बाळ आडवं आहे हे ओळखलं आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. पाणी उतरेपर्यंत सगळे काठावर बसून होते. सून काठावरच गेली, डोकं फेलिंगच्या मांडीवर. त्यानंतर फेलिंगने अर्ज भरला. तिला भाषण करता येत नव्हतं. ती घरोघर जायची, बाळांना उचलून घ्यायची आणि म्हणायची, "पूल पाहिजे. दुसरं काय बोलू?"

लोक मान डोलवायचे. कॉफी द्यायचे.

"मग लिही सगळं नाव," ती भावाला म्हणाली. "शुद्धलेखन चुकू नकोस म्हणजे झालं."

"चेष्टा करू नकोस, इता."

"चेष्टा नाही. तुझ्या पोरीच्या ताटातला भात काढून घेऊन मला पूल बांधायचा नाहीये."

"तू मला असं सांगावंस?"

"मीच सांगणार. दुसरं कोण सांगणार तुला?"

तो उठला. जाताना त्याने दाराची बिजागरी हलवून पाहिली. तो सुतार होता, त्याला कुठलंही दार तपासल्याशिवाय ओलांडता येत नसे.

आता वर्गात सगळे थांबले होते. फळ्यावर ओकेंदोच्या नावापुढे रेघांची दाटी होती, फेलिंगच्या नावापुढे तुरळक. हे एक मत मिळून काही होणार नव्हतं. पण नाव माझं आहे म्हटलं तर लगेच विचारणार, हे कोण म्हणतं तुम्हाला. बर्तो कान टवकारून बसला होता. बाद झालं तर कुणी विचारणार नाही, असा तिने हिशेब केला.

"नाही," ती म्हणाली. "मला फेलिंग म्हणतात. इता कोण, मला माहीत नाही."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी मतपत्रिका बाजूला ठेवली. मोजणी पुढे सुरू झाली. मग फेलिंगने खिडकीकडे पाहिलं, तर तिथे दुसरंच कुणी उभं होतं.

शेवटची मतपत्रिका वाचून होईपर्यंत ती कप्तानाच्या लांबलचक नावाची वाट पाहत राहिली. ते ऐकू यावं म्हणून तिने मनातल्या मनात देवाला सांगितलं. कुणी विल्फ्रेदो लिहिलं होतं, कुणी नुसतं ओकेंदो, कुणी कप्तान. सगळं नाव एकदाही आलं नाही. बर्तोने तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे टोपी डोक्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एलिसेओकडे गेली. तो अंगणात खिडकीची चौकट रंधत होता.

"का केलंस असं?"

"पेन हातात घेतलं आणि तेच आलं." रंधा थांबला नाही. "फेलिसितास आब्रेनिका लिहायला गेलो, तर वाटलं ही कुणीतरी दुसरीच बाई."

"मी नाही म्हटलं ते तुझ्यासाठी."

"ठाऊक आहे."

"मग असा का वागतोस?"

त्याने रंधा खाली ठेवला, भुसा झटकला. "ठाऊक असून काय होतं? मी खिडकीत उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा भीती सोडून काहीतरी केलं होतं, आणि बाईंनी विचारलं तेव्हा मला वाटलं, आता ही हो म्हणेल. सगळ्यांसमोर." तो आत जायला वळला. "बसा. कॉफी टाकतो, मनांग फेलिंग."

गावातल्या वयाने मोठ्या कुठल्याही बाईला तो असंच, नावासकट मनांग म्हणे. तिने कॉफी घेतली. साखर कमी होती, तिने मागितली नाही.

महिनाअखेर मारिझेलला कचेरीतून सांगण्यात आलं की ती जागाच आता राहिलेली नाही. सांगणाऱ्याने तिला मोटरसायकलवरून घरापर्यंतही सोडलं. कप्तान भेटला तेव्हा एलिसेओच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझ्या हातात असतं तर." वर्ष सरायच्या आत मारिझेलने कुवेतमध्ये घरकामाची नोकरी धरली.

तिला सोडायला दोघं बसथांब्यापर्यंत आली. एलिसेओ तिकीट आणायला गेला तेव्हा मारिझेल आत्याजवळ उभी होती.

"माझ्यावर राग आहे ना तुझा?" फेलिंगने विचारलं.

"राग नाही." मारिझेल बॅगेच्या साखळीशी चाळा करत होती. "तुम्ही दोघं एकमेकांसाठी काय काय करत बसलात. तू बाबांना सांगितलंस, कप्तानाला लिही. त्यांनी तुला लिहिलं. मग तू नाही म्हणालीस. सगळं माझ्या नोकरीसाठी, आणि मला एकानेही विचारलं नाही."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"काय माहीत. कदाचित म्हटलं असतं, लिहा इता. कदाचित म्हटलं असतं, नका लिहू, मला भीती वाटते. पण माझी भीती माझी होती ना, आत्या."

एलिसेओ तिकीट घेऊन आला. बस आली. मारिझेलने वाकून आशीर्वादासाठी आत्याचा हात कपाळाला लावला, वडिलांचाही लावला, आणि खिडकीपाशी जागा मिळाली म्हणून हसली.

परतीच्या वाटेवर फेलिंगला जुनी गोष्ट आठवत राहिली. हुकूमशहा देश सोडून पळाल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा ती नुकतीच कामाला लागली होती. सगळं गाव रस्त्यावर आलं होतं, भांडी बडवत. ती चिखलात अनवाणी नाचली होती. आता सगळं ठीक होईल, असं तेव्हा तिला अगदी साधेपणाने वाटलं होतं, उद्या सकाळ होईल असं वाटावं तसं. पण त्या आनंदासाठी जी माणसं गेली, ती मनिलाची होती, दुसऱ्या गावांची होती. तिने त्यांची नावंही ऐकली नव्हती. आशेची किंमत तिला तेव्हा मोजावी लागली नव्हती. या वेळी तिने पुन्हा आशा केली, आणि ज्या पोरीला तिने जगात आणून पहिल्यांदा पुसलं, ती परक्याच्या घरची फरशी पुसायला गेली.

पुढची ग्रामसभा बास्केटबॉलच्या मैदानावर भरली. वर पत्र्याचं छप्पर, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या. फेलिंग जावं की नाही करत शेवटी गेली आणि मधल्या रांगेत बसली. तिच्या आजूबाजूचे लोक आदबीने हसले, मग एकेक करून पुढे-मागे सरकले. कुणाला पोराला पाहायचं होतं, कुणाला पंख्याचा वारा हवा होता. कुणी तोंड फिरवलं नाही. जाताना सगळ्यांनी तिला नमस्कार केला.

कप्तान बोलत होता. गावजत्रेचा खर्च, रस्त्यावरचे दिवे.

एलिसेओ उशिरा आला. अंगावर कामाचेच कपडे होते. त्याने सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, मग तिच्या शेजारची खुर्ची एका हाताने थोपटून पाहिली, तिचा एक पाय हलत होता. ती त्याने बाजूला केली, दुसरी ओढून घेतली आणि बसला.

"आणखी कुणाला काही विचारायचंय?" कप्तानाने विचारलं.

फेलिंग उठली. गुडघा दुखत होता, म्हणून तिने उठताना एलिसेओच्या खांद्याचा आधार घेतला आणि उभी राहिल्यावरही हात तिथेच ठेवला.

"पुलाचं काय झालं?" तिने विचारलं.

पुढच्या रांगांमधलं कुणी मागे वळून पाहिलं नाही. त्या दोघांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.