डायलवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना स्टिरिओ रेडिओ आहे. माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर पाठीवर शिक्का मारला आणि खोक्यात घातलं. बारसं वगैरे काही झालं नाही. औरंगपुऱ्यातल्या दुकानात माझ्या शेजारी एक मिक्सर असायचा. त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तरी आवाज त्याचाच मोठा.

चाळीस वर्षांपूर्वी काकासाहेबांनी मला आपल्या फियाटमध्ये बसवलं. दर रविवारी ते आणि त्यांच्या पत्नी आशाबाई पिशोरला शेतावर जायचे. तेवढा रस्ता मी गात असे.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. आशाबाई बॉनेटच्याही आधी माझ्या डायलच्या काचेला कुंकू लावायच्या. "बोलणाऱ्याला पहिला मान," म्हणायच्या. ते कुंकू फटीतून आत सांडत गेलं आणि एका वर्षी माझी सुई आकाशवाणीवर घट्ट रुतून बसली.

"अगं, सुई अडकली की!" काकासाहेब ओरडले.

"अडकू द्या. तिला कुठं नोकरीला जायचंय?"

चार वर्षांपूर्वी आशाबाई गेल्या. काकासाहेब गाडी रोज पुसत, पण माझ्यापाशी आले की फडकं बाजूला ठेवत. आशाबाईंच्या शेवटच्या दसऱ्याचं बोट माझ्या काचेवर अजून उमटलेलं होतं. हे मला ठाऊक होतं, काकासाहेबांना ठाऊक होतं. त्यांच्या मुलाला, अभयला, कुणी सांगितलंच नव्हतं.

यंदा वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी अभयने गाडी वाळूजला संघपालच्या गॅरेजात नेली. मागे दोन नवे स्पीकर बसवायचे, मला दुरुस्त करायचं. "एकदम चकाचक कर," तो म्हणाला. संघपाल कामाला चोख. त्याने मला खोललं आणि पेट्रोलच्या चिंधीने काच, फट, सुई सगळं पुसून काढलं. इतकी स्वच्छ आंघोळ मला कुणी घातली नव्हती. मला रडू आलं. संघपालला वाटलं, खरखर आहे.

संध्याकाळी काकासाहेब आले. अभयने मला सुरू केलं.

"कसा वाजतोय, आबा?"

काकासाहेब काचेकडे बघत होते. "कुंकू कुठंय?"

"लई साचलं होतं, काका," संघपाल खुशीत म्हणाला. "सुईच जाम होती. चिंधीनं काढलं सगळं."

"ती चिंधी कुठंय?"

चिंधी कचऱ्याच्या पिंपात होती. तिघेही पिंपात वाकले. आतून लाल चिंधी निघाली. मग दुसरी निघाली. अशा सव्वीस निघाल्या. त्याच सकाळी संघपालने एका टेम्पोला लाल रंग मारला होता. सगळ्या लाल, सगळ्यांना पेट्रोलचा वास.

"आबा, मला माहीत नव्हतं हो," अभय म्हणाला.

"मी तरी कुठं सांगितलं होतं?"

काकासाहेबांनी सव्वीस चिंध्या फरशीवर मांडल्या. बराच वेळ पाहिल्या. शेवटी एक उचलली, "हीच," म्हणाले आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

ती नव्हती. ती टेम्पोची होती. आशाबाईंची चिंधी काकासाहेबांच्या चपलेजवळ पडली होती. मित्रांनो, माझा आवाज तेव्हा पार चौकापर्यंत जात होता. पण स्टेशन जे पाठवील तेवढंच मला बोलता येतं. मी तुरीचे भाव सांगत होतो.

म्हणून विनवतो, घरातली जुनी वस्तू पुसायला घ्याल तेव्हा आधी घरच्या माणसांना विचारा, हा डाग कुणाचा आहे. आम्हाला विचारू नका. आम्हाला सांगता येत नाही.