दार उघडले: होय

“इथे सही करा. ओळखपत्र, किल्ल्यांचा जुडगा, बॅग. आणि हे काय आहे? हे आमच्या यादीत नाही.”

साहेबांनी आईच्या बॅगेतून एक जाड पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला. पाटाएवढा, निळ्या कापडात मढवलेला, कोपरे घोटून बसवलेले. तो कशाचा, ते मलाही माहीत नव्हतं. आईला जाऊन सोळा दिवस झाले होते.

मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या, पण घर न उरलेल्या माणसांना हे कार्यालय खोल्या देतं. आईचं काम दर आठवड्याला त्यांच्याकडे जाण्याचं. खोली मिळवणं सोपं, टिकवणं कठीण, असं ती म्हणायची. तिच्याकडे बेचाळीस माणसं होती. मला ती एकटीच होती, पण ते गणित तिच्यासमोर मी कधी मांडलं नाही.

मी सही करत होते, तेवढ्यात दारातून एकजण डोकावला. हातात हत्यारांची पेटी.

“साहेब, ते कुलूप बदलायचं होतं ना? बाइंडरच्या खोलीचं?”

माझं पेन थांबलं. पूर्वी पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकाकांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण आईच्या गोष्टींतून आमच्या जेवणाच्या टेबलावर ते सहा वर्षं होते.

“का बदलताय?”

साहेब म्हणाले, “माणूस तिथे राहत नाही, ताई. तीनदा दार वाजवलं, उघडत नाही. तीन भेटी फुकट गेल्या की खोली रिकामी धरायची, असा नियम आहे.”

“तीन भेटी केव्हा केल्या?”

“सोमवारी एक. काल दोन.”

“दोन दिवसांत?”

“किती दिवसांत, ते नियमात नाही. हे बघा, आईंची जागा भरलेली नाही, मी एकटा धावतोय. एकशे ऐंशी माणसं रांगेत आहेत. काही आत्ता पुलाखाली झोपलीत. रिकामी खोली अडवून त्यांना काय सांगू?”

ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

“आई गेल्याचं त्यांना कळवलंत?”

“कोणाला?”

“तिच्या माणसांना.”

साहेबांनी कागद नीट लावले. “तशी काही पद्धत नाही.”

म्हणजे दोन मंगळवार, आईच्या भेटीचे वार, तो माणूस दाराआड तिची वाट बघत बसला होता, आणि नंतर कोणीतरी येऊन दार बडवलं होतं.

“त्यांचं दार वाजवायचं नसतं,” मी म्हणाले. “एकदा चौघांनी दार वाजवूनच त्यांना मनोरुग्णालयात उचलून नेलं होतं, सख्ख्या भावाच्या देखत. वाजलं की ते श्वाससुद्धा घेत नाहीत.”

“मग आईंना कसं उघडायचे? ही फाइल बघा. दर आठवड्याला खूण आहे. ‘दार उघडले: होय.’ सहा वर्षं.”

निळ्या शाईतल्या त्या खुणा मी ओळखल्या. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ती अशीच, घाईघाईत सही करायची. खरं सांगितलं, तर ती खोटी ठरणार होती. गप्प बसले, तर बाइंडरकाका रस्त्यावर येणार होते. ही अडचण माझ्यासाठी ठेवून ती निघून गेली होती. त्या क्षणी मला तिचाही राग आला, अगदी तळापासून.

“तिलाही उघडायचे नाहीत,” मी म्हणाले. “दाराबाहेर बसून ती बोलायची.”

“म्हणजे खोटी नोंद?”

“खऱ्याला तुमच्या फॉर्मात जागा कुठे होती?”

साहेबांनी फाइल मिटून काखेत घेतली. मग उठले. “चला. पण फक्त आवाज चालणार नाही. माणूस डोळ्यांना दिसला पाहिजे.”

तिसरा मजला, जिन्यालगतची खोली. कुलूपवाल्याने पेटी उघडली. “दहा मिनिटं द्या,” मी म्हणाले. फरशी बर्फासारखी गार होती. बसायला काही मिळतं का म्हणून बॅग चाचपली, आणि पुठ्ठा हाताला लागला. तो कशाचा, ते तेव्हा कळलं: दाराबाहेर बसायचं आईचं आसन, बाइंडरच्या हातचं. मी तो खाली घातला आणि बसले.

दाराखालून एका पाकिटाचा कोपरा बाहेर आला होता. बाइंडरकाका पत्रं उघडत नसत. बाहेर सरकवत, आई ती मोठ्याने वाचे. पटलं तर आतून ‘हं’, नाही पटलं तर ‘खोटं’. “वीजकंपनीने ‘सन्माननीय ग्राहक’ लिहिलं, की हमखास ‘खोटं’!” असं सांगताना आई भात चिवडत हसायची.

मी पाकीट फोडलं. कार्यालयाचंच होतं.

“‘आपण सदर खोलीत वास्तव्यास नसल्याचे आढळून आले आहे,’” मी वाचलं.

आतून आवाज आला. “खोटं.”

कुलूपवाला फिसकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“काका, मी त्यांची मुलगी. तुम्ही आहात हे यांना डोळ्यांनी बघायचंय, नाहीतर कुलूप बदलतील.”

आत पावलं सरकली. मग अगदी दाराला लागून, “बाई कुठे आहेत?”

सोळा दिवस लोक मला सांगत होते, सुटली, शांत झाली, सोडून गेली. मी मान डोलवत होते. स्वतःच्या तोंडाने मी ते एकदाही म्हणाले नव्हते.

“आई मेली, काका.”

“खोटं.”

मी दाराला डोकं टेकवलं. मग त्यांचाच शब्द तोंडात आला.

“हं,” मी म्हणाले.

आत साखळी खडखडली. दार चार बोटं उघडलं, थांबलं, मग सबंध उघडलं. लहानसर चणीचा म्हातारा, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केस पाणी लावून विंचरलेले. आज मंगळवार नव्हता. ते रोजच तयार होऊन बसत असणार.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. ‘दार उघडले: होय.’ आता खरं. पुढच्या रकान्यात, ‘पुढील भेट कोण घेणार’, त्यांनी काही लिहिलं नाही. “बघतो,” एवढं म्हणून ते जिना उतरू लागले. कुलूपवाला पेटी उचलून मागोमाग गेला. जाताना त्याने म्हाताऱ्याला नमस्कार केला.

“मंगळवारी कोण येणार?” बाइंडरकाकांनी मला विचारलं.

येते, म्हणणं सोपं होतं. मला नोकरी होती, दुसरं शहर होतं, आणि या माणसाशी खोटं चालत नव्हतं.

“माहीत नाही, काका.”

“हं,” ते म्हणाले. दार लागलं, साखळी चढली.

पुठ्ठ्यावरची धूळ मी ओढणीने पुसली आणि तो दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवला, येणाऱ्याला आधी तोच दिसेल असा.