हॉपरखालचा खड्डा

मित्रांनो, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीमागे तारेचं कुंपण घातलेलं एक आवार आहे. तिथे वाकलेल्या लोखंडी प्लेटा आणि फुटकी पिंपं पडली आहेत. त्यांच्या शेजारी गंजून पोटाला भोक पडलेला जो ड्रम दिसतो, तो मी. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी पोटात घ्यायचं आणि काँक्रीट कालवून द्यायचं, हे माझं काम होतं. लोक मला मिक्सर म्हणत. माझं इंजिन केव्हाच काढून नेलं. आता मला चाकंही नाहीत. पण माझ्याजवळ ज्यांचं आयुष्य गेलं त्या रखमाजीची आणि नंदाबाईची गोष्ट मला पाठ आहे. तीच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म १९८३ साली जालन्यातल्याच एका वर्कशॉपात झाला. जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. मला विकत घेतलं गौतमचंद शेठनी. त्यांचं घराणं फार पूर्वी राजस्थानातून इकडे आलेलं, धान्याचा आणि सरकीचा व्यापार करणारं. गौतमचंदांनी मात्र दुकानाची गादी भावावर सोपवून बांधकामाचा ठेका धरला होता. त्यांच्या आई पानबाई मला कुंकू लावायला आल्या, तेव्हा माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, “बेटा, बसल्या जागेचा धंदा सोडून ह्या लोखंडाच्या मागं कशाला लागला?”

“माँ, जिल्हा नवा हाय,” गौतमचंद म्हणाले. “कचेऱ्या न्हाईत, दवाखाने न्हाईत, शाळांवर नुसते पत्रे. रस्त्यांचं तर बोलूच नको. पुढची पंचवीस वर्षं इथं कामच काम निघणार, बघ तू.”

ते खोटं बोलले नव्हते.

माझ्यावर चालक म्हणून रखमाजी आला. मंठ्याकडच्या एका खेड्यातला, कमी बोलणारा, सडपातळ माणूस. त्याची बायको नंदाबाई माझ्यात माल भरायला लागली. दोघांचं नुकतंच लग्न झालं होतं. काम जिथे असेल तिथे माझ्या शेजारी पत्र्याची खोली उभी राही आणि त्यात यांचा संसार मांडला जाई. त्यामुळे त्यांचं बोलणं, भांडण, हसणं सगळं मला ऐकू येई.

माझं काम कसं चाले तेही सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझ्यापुढे सुपासारखा एक मोठा लोखंडी डबा होता. त्याला हॉपर म्हणतात. बाया घमेल्यांनी त्यात खडी-वाळू टाकत. मग रखमाजी दांडा ओढी. तारेचा दोर गुंडाळला जाई, हॉपर वर चढे आणि सगळा माल माझ्या पोटात ओते. रिकामा हॉपर पुन्हा उतरून जमिनीतल्या खड्ड्यात बसे. पण खड्ड्यात सांडलेली खडी साठली की तो नीट बसत नसे. म्हणून हॉपर वर असतानाच कुणीतरी खाली उतरून ती खडी खोऱ्यानं ओढून काढी. हे काम नंदाबाई करी. ती चपळ होती, आणि दुसऱ्या कुणी ते केलेलं रखमाजीला चालत नसे. दुसऱ्या बाईवर त्याचा भरवसा नव्हता.

किती इमारती आम्ही उभ्या केल्या! शाळा, गोदामं, कर्मचाऱ्यांची घरं. एस.टी.तून जाताना एखादी इमारत दिसली की नंदाबाई शेजारणीला कोपरानं ढोसून सांगे, “ती बघा, त्या शाळंत माझ्या हातची खडी हाय.” परत आल्यावर शेजारीण काय म्हणाली ते ती रखमाजीला रंगवून सांगत बसे. संध्याकाळी तो मला आतून-बाहेरून धुऊन काढी, कारण पोटात काँक्रीट राहिलं तर दगड होऊन बसतं. मुकादम म्हणत, “रखमाजीचा मिक्सर बघा, नवरदेवावानी हाय.” मला ते ऐकून फार बरं वाटे.

पुढे जालन्यात सळया बनवणारे कारखाने वाढले. सळयांचे ट्रक दिवसभर धावू लागले. गौतमचंद शेठकडे जीप आली, दुसरा मिक्सर आला. एक काम संपायच्या आत दुसरं सुरू होऊ लागलं. मला तेलपाणी करायला, खोलून बघायला मात्र आता कुणाला सवड नव्हती.

१९९२ च्या उन्हाळ्यात बदनापूरला एका दवाखान्याचं काम चाललं होतं. त्या दिवशी स्लॅब होता. उजाडल्यापासून माल पडत होता. घमेलं रिकामं करताना नंदाबाईच्या बोटात काहीतरी टोचलं. तिनं पाहिलं, तर माझ्या दोराची एक तार तुटून काट्यासारखी वर आली होती. नीट पाहिलं तर तशा बऱ्याच होत्या.

“अवं, हा दोर बघा की. उसवून राह्यलाय,” ती रखमाजीला म्हणाली.

रखमाजीनं दोरावरून बोटं फिरवली आणि तो गौतमचंद शेठकडे गेला.

“शेठ, दोर गेलाय. बदलावा लागंल.”

“आत्ता?”

“आत्ताच बरं. जालन्याहून आणाया कितीसा येळ लागतो?”

“रखमाजी, अर्ध्या स्लॅबवर माल पडलाय. मधीच थांबलो तर जोड पडंल. जोड पडला की स्लॅब गळंल, सरकारी इंजिनिअर साहेब पास करणार न्हाई. आजचा दिवस काढ. उद्या बिलकुल नवा दोर आणतो.”

रखमाजीला आणखी काही बोलायचं असावं. पण तो म्हणाला, “बराबर हाय शेठ,” आणि परत येऊन त्यानं दांडा हातात घेतला. नंदाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

ऊन डोक्यावर आलं. खड्ड्यात खडी साठली. हॉपर वर गेला तशी नंदाबाई खोरं घेऊन खाली उतरली. तेवढ्यात फाटकन आवाज झाला. रखमाजीनं दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला होता, पण धरून काय होणार? दोर तुटला होता. हॉपर खाली आला होता.

मित्रांनो, ती किंकाळी मला सांगता येणार नाही.

गौतमचंद शेठ वाईट माणूस नव्हते. सगळ्यांबरोबर त्यांनीही हॉपरला खांदा लावला. नंदाबाईला स्वतःच्या जीपमध्ये घालून त्यांनी जालन्याला नेलं, तेव्हा त्यांचे पांढरे कपडे रक्तानं भिजले होते. ती वाचली. पण उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्यावर नवा दोर चढला. जालन्याच्या बाजारात तो मिळत होताच. स्लॅब मात्र त्या दिवशी अर्ध्यावरच थांबला होता, आणि जोड पडायचा तो पडलाच.

मग चौकशीला सरकारी माणूस येणार असं कळलं. गौतमचंद शेठ रखमाजीला माझ्यामागच्या सावलीत घेऊन गेले.

“देख, ती कामावर व्हती म्हणलं तर माझा ठेका जाईल. ह्या कामावर किती घरं चालतात, तुला ठाऊक हाय. तिच्या दवाखान्याचा सगळा खर्चा मी करून राह्यलो, पुढं बी करीन. तू फक्त एवढंच म्हण, ती तुझी भाकर घेऊन आल्ती, अन् चुकून तिथं गेली.” थोडं थांबून ते हळू आवाजात म्हणाले, “आणखी एक इचार कर. दांडा तुझ्या हातात व्हता.”

चौकशीचा माणूस आला, खड्डा पाहून गेला, दोर पाहून गेला. दोर नवाकोरा होता. रखमाजीनं खाली मान घालून सांगितलं, “भाकर घेऊन आल्ती साहेब. कामावर नव्हती.”

“खोटं हाय ते!” घमेलं टाकून साळूबाई पुढे आली. ती नंदाबाईच्या जोडीला काम करणारी, थोरल्या वयाची बाई. “ती कामावरच व्हती साहेब. रोज असती. इचारा की ह्या बायांना.”

साहेबांनी बायांकडे पाहिलं. बाया गौतमचंद शेठकडे पाहत होत्या. मग एकेकीनं आपलं घमेलं उचललं. दुसऱ्या दिवसापासून साळूबाईला कामावर घेतलं नाही. जाताना ती जालन्याच्या दवाखान्यात जाऊन नंदाबाईला सगळं सांगून गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर नंदाबाई कुबडी घेऊन पत्र्याच्या खोलीत परतली. रखमाजीनं तिच्यासाठी बाज आणली होती, मऊ भात केला होता. तिनं ताटाला हात लावला नाही.

“इतकी वर्षं घमेली उचलली म्या,” ती म्हणाली. “तुमी एका बोलण्यात मला पाव्हणी केली.”

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. मीठ, पाणी, सरपण, एवढंच. माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती तिथेच राहिली. रखमाजीनंही पुन्हा माझा दांडा हातात घेतला नाही. शेठनी त्याला राखणदार केलं. मला आता कुणीही चालवी, आणि कुणी धूत नसे. माझ्या पोटात दगडाचे थर साठत गेले.

बाहेर मात्र वाढ थांबली नव्हती. रस्ते रुंद झाले, पाण्याच्या टाक्या झाल्या. एका उद्घाटनाला मंडपात कुणी मोठे पाहुणे म्हणाले, की देशाच्या बांधकामक्षेत्राला उज्ज्वल भवितव्य आहे आणि आपला जिल्हा त्यात मागे राहणार नाही. टाळ्या पडल्या. गौतमचंद शेठना शाल मिळाली. मंडपामागे नंदाबाई कुबडीवर रेलून पाण्याचा माठ भरत होती.

२००१ साली परतूरला एका गोदामाचं काम निघालं. मला तिकडे नेलं. राखणदार म्हणून रखमाजीला पाठवलं, म्हणजे नंदाबाईही आली. माझ्यावर बद्रीनाथ नावाचा नवा चालक होता आणि खड्ड्यात उतरायला कौसल्या नावाची नवी बाई. माझा दोर पुन्हा उसवला होता. स्लॅबच्या सकाळी रखमाजीनं तो चाचपला आणि बद्रीनाथला सांगितलं. बद्रीनाथ म्हणाला, “शेठला सांगितलं काका. ते म्हणले, आजचा दिवस काढ.”

हॉपर वर गेला तसा रखमाजी चालत आला आणि त्याखालच्या खड्ड्यात मांडी घालून बसला.

आधी लोक हसले. मग मुकादम ओरडला. शेवटी गौतमचंद शेठ जीपमधून उतरून आले. त्यांचे केस आता पांढरे झाले होते.

“रखमाजी, ऊठ. माणसं खोळंबली.”

“दोर बदला, मंग उठतो.”

“अरे, डोकं फिरलं का तुझं?”

“तुमी म्हणाल तर चालवा की शेठ. म्या हाय खाली.”

शेठनी तोंड फिरवून ड्रायव्हरला जालन्याला पिटाळलं. दुपारी दोर आला. हॉपरला टेकू देऊन तो चढवेपर्यंत रखमाजी भर उन्हात खड्ड्यातच बसून होता. वर आला तेव्हा शेठ एवढंच म्हणाले, “उद्यापासून येऊ नको.”

संध्याकाळी तो खोलीपुढे गाठोडं बांधू लागला. नंदाबाई दारात उभी होती. इतक्या वर्षांत प्रथमच ती कामापलीकडचं काही बोलली.

“बदलला का दोर?”

“बदलला.”

“त्या दिशी का न्हाई बसले?”

रखमाजीचे हात थांबले. “भ्यालो व्हतो,” तो म्हणाला.

“म्या बी भ्याले व्हते,” नंदाबाई म्हणाली. “दांड्यावर तुमचा हात हाय, म्हणून उतरले.”

सकाळी ती दोघं स्टेशनाकडे गेली. तो गाठोडं घेऊन पुढे, ती मागे. मध्ये बरंच अंतर होतं. ते कमी झालं की नाही, मला कधी कळलं नाही.

काही वर्षांनी तयार काँक्रीट आणून ओतणाऱ्या मोठमोठ्या गाड्या आल्या आणि मला इथे आणून टाकलं. माझी मला खंत नाही. मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या इंजिनिअर होतील, कुणी ठेकेदार, कुणी दांड्यावर उभे राहतील. यंत्राला तेल द्या, त्याचा दोर स्वतःच्या बोटांनी तपासा. पण त्याहून मोठी विनंती अशी, की काम थांबवा असं कुणी सांगितलं तर ते थांबवा. आणि सांगण्याची पाळी तुमच्यावर आली, तर त्याच दिवशी सांगा. नंतर सांगितलेलंही खरंच असतं, पण तोवर एक माणूस खाली उतरलेलं असतं.