अर्ध्यावर सोडलेला दुभाष्या

मी दुभाष्या बोलतोय. माणूस नव्हे, कंपायलरमधला एक तुकडा. जावा भाषेत लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देतो तो कंपायलर, आणि त्या जावाची सी भाषेतल्या जुन्या प्रोग्रॅमशी गाठ घालून देतो तो मी. जतच्या बाजारात कानडी व्यापारी आणि मराठी गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक जण उभा असतो ना, तसा.

संयोगितानं मला सांगलीत शिकत असताना लिहिलं. आमचा कंपायलर खुला. कुणीही यावं, भर घालावी, फुकट न्यावं. नेलं सगळ्यांनी, भर घालायला कुणी बसलं नाही. संयोगिता नोकरीला पुण्याला गेली आणि मी अर्धाच राहिलो. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, दुसरं काय!

काय राहिलं तेही सांगतो. कामाची गर्दी झाली की मी जावाच्या आकड्याची नक्कल सीला देतो. सी तिच्यावर नवा आकडा लिहितो. तो परत जावाकडे पोचवायचा, एवढंच मला शिकवायचं राहिलं. मग जावा आधीचाच आकडा दाखवत बसतो.

कुंडलजवळच्या एका डेअरीत तिथला संगणक सांभाळणाऱ्या वीरधवलनं मला बसवलं. दुधाचं फॅट मोजणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम सीमधला, पडद्यावरचा जावामधला. माझं काम अपुरं आहे असा इशारा मी रोज पिवळ्या अक्षरांत द्यायचो. त्यानं तो बंदच करून टाकला.

"चालतंय न्हवं? मग डोळ्याम्होरं कटकट कशाला," म्हणाला. संगणकवाल्यांची ही खोड माझ्या डोक्यात जाते.

एका सकाळी रांगेत सयाजीच्या मागं बनुबाई होती. सयाजीचं गाईचं पातळ दूध, आकडा तीन. बनुबाईचं म्हशीचं दाट दूध, तरी आकडा तीनच.

"काकू, म्हशीला तीन? पाणी लय झालं की," वीरधवल म्हणाला. रांग हसली.

"माज्या हातानं धार काडलीया रं. पाण्याचा थेंब न्हाई त्यात," एवढंच बोलून ती भरली किटली घेऊन घरी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि मला बोलायला तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली ती म्हैस घेऊनच. रेडकूही आणलं, त्याच्याशिवाय म्हैस पान्हवत नाही. सयाजीचं दूध मोजून होताच तिनं सगळ्यांदेखत डेअरीच्या दारात धार काढली आणि दूध यंत्राला दिलं. आकडा तीन.

आता कुणी हसलं नाही. वीरधवलनं इशारा चालू केला, वाचला आणि त्यातल्या नंबरवर संयोगिताला फोन लावला.

"कळलं काय राहिलंय ते. वेळ मिळाला की करते, दादा," ती म्हणाली.

वेळ अजून मिळालेला नाही. वीरधवल आठवेल तेव्हा सगळं बंद करून पुन्हा चालू करतो, म्हणजे थोडा वेळ आकडा खरा येतो; पण गर्दीत विसरतो. बनुबाईचं दूध पुन्हा सुरू झालं, पण ती किटली घेऊन एकटी येत नाही. रोज म्हैस, रेडकू, सगळा लवाजमा दारात.

मला फुकट वापरणाऱ्यांनो, एक जण तरी बसा आणि मला पुरं करा. चार ओळींचं काम आहे. ते होत नाही तोवर त्या बाईच्या खरेपणाला रोज म्हशीची साक्ष लागते.