चौथ्या भोकातला ब्रश

बिटकीचे पुढचे दोन दात पडले होते, आणि तरी तिला मोठ्या माणसांचाच ब्रश हवा होता.

"हिरड्या सोलून निघतील गं," आई म्हणाली. मेडिकलच्या काउंटरवर तिनं एक छोटा, मऊ ब्रश ठेवला. दांड्यावर ससा होता. "हा बघ. किती गुणी आहे."

"हा बाळाचा आहे."

"मग तू कोण? आजीबाई?"

"निळा हवाय. कडक."

दुकानातल्या मावशी खो खो हसल्या. "तोंडाला खिडकी अन् म्हणे कडक द्या! काय घासणार गं, चौकट?"

एरवी बिटकीनं जीभ काढून दाखवली असती. आज तिचं लक्षच नव्हतं. दर शनिवारी ती बाबांकडे राहायला जायची. तिथं बेसिनवर ब्रशचा स्टँड होता, चार भोकांचा. बाबांचा ब्रश, बाबांच्या नव्या बायकोचा, म्हणजे काकूचा, आणि काकूच्या आईचा, सगळे निळे. बिटकीचा मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यासोबत जायचा नि यायचा. "पाहुण्यांचा ब्रश पाहुण्यांच्या पिशवीत," काकू म्हणायची, अगदी मधाळ आवाजात. पण गेल्या शनिवारी चौथं भोक रिकामं दिसलं, तेव्हा बिटकीनं धीर करून विचारलंच, माझा इथं ठेवू? बाबा काकूकडे बघत राहिले. काकू म्हणाली, "ठेव की. पण कडक आण हं. आमच्याकडे मऊ टिकत नाही."

हे सगळं बिटकीनं एका दमात सांगितल्यावर आईनं ससा परत केला आणि निळा, कडक ब्रश घेतला.

रविवारी बिटकी पिशवीशिवाय आली. जिना चढतानाच ओरडली, "राहिला! तिथंच राहिला!" आईला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. त्या घरात आता आपल्या लेकीचं काहीतरी कायमचं राहणार होतं. तिनं बिटकीचे कान पुसले, वेणी सोडली आणि उगाच पुष्कळ वेळ केस विंचरत बसली.

पुढे कितीतरी शनिवार असेच गेले. मग एका रविवारी बाबांची गाडी बंद पडली, म्हणून आईच तिला आणायला गेली. दार उघडंच होतं. बिटकी आतल्या खोलीत बूट घालत होती. बाबा पॅसेजमध्ये टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. बाथरूममध्ये काकू बेसिनवर वाकून जाळीच्या कडेनं खसाखसा घासत होती. हातात निळा ब्रश. त्याचे केस दोन्हीकडे पिंजारलेले, मुळाशी काळपट चिकटा. घासून झालं तसा तिनं तो नळाखाली धरला, झटकला आणि चौथ्या भोकात खोचला.

"अय्या, तुम्ही? या ना." काकूनं पदराला हात पुसले. "लेकीनं ब्रश काय फक्कड निवडलाय हो तुमच्या! आधीचा कामाचा ब्रश पार टकला झाला होता. याच्यानं कोपऱ्यातली घाणसुद्धा निघते."

"ती यानं दात घासते."

"मग? धुऊनच ठेवते की मी."

आईनं बाबांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

ते टॉवेलची घडी घालू लागले. "पोरीची हौस होती गं. भोक मोकळं होतं... कशाला उगाच वाद."

आतून काकूच्या आईचा आवाज आला, "पोरीला काही झालंय का? ठणठणीत तर आहे!"

आईनं ब्रश उपसला आणि पर्समध्ये टाकला.

रस्त्यावर आल्यावर तिनं बिटकीचा हात घट्ट धरला. दोन दुकानं ओलांडली. मग म्हणाली, "राणी, ऐक. त्या ब्रशनं काकू बेसिन घासते. आता तू त्यानं..."

"मला माहितेय," बिटकी म्हणाली.

"काय माहितेय?"

"दुसऱ्याच शनिवारी बघितलं मी. मी बोटानं घासते. ब्रश नुसता ओला करते, आणि घासल्यासारखं करते. बाबा बघतात ना."

आईचे पाय थांबले. "मग मला का नाही सांगितलंस, बाळा?"

"तू काढून आणला असतास."

आईनं पर्स नकळत छातीशी धरली. बिटकीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पर्सकडे. चेनच्या फटीतून निळी दांडी बाहेर आली होती.

"आणलास?"

"आपण नवा घेऊ. आत्ता घेऊ. निळाच घेऊ, तुला हवा तसा—"

"त्या चौथ्या भोकात आता ते दुसरा ब्रश लावतील," बिटकी म्हणाली. तिनं आपला हात सोडवून घेतला, आणि मेडिकल आलं तरी न थांबता पुढे चालत राहिली.