कोंडारगडाचं साल

तट

कोंडारगड कुणी बांधला ते कुणालाच ठाऊक नाही. बार्शीकडचे म्हणतात, बहामनी सरदारानं. गावातले म्हणतात, राक्षसांनी. मोडला कुणी, ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. तटाचे दगड आधी मारुतीच्या पाराला लागले, मग चावडीला, मग ज्याच्या दारी बैलगाडी त्याच्या घराला.

बुरूज

दोन उरले होते. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दगडासाठी कालव्याच्या ठेकेदाराची नजर त्यांच्यावर गेली. त्याच आठवड्यात पुरातत्त्व खात्याचे मानसिंगराव गडावर आले. दरवाजाच्या कमानीवर एक लांबट खाच रिकामी होती.

"इथला शिलालेख मिळाला, साल कळलं, तर गड सरकारी संरक्षणात घेता येईल. नाहीतर ठेकेदाराला अडवणं माझ्या हातात नाही."

"आमाला काय म्हाईत न्हाय बा," पाटील धोंडीराम म्हणाले.

लेख

मथुराबाईच्या दारावर होता. सासऱ्यानं आणून बसवलेला. अक्षरं घराच्या आत, त्यांवर दर दिवाळीला चुना. माळवदाची तुळई त्याच दगडावर टेकलेली. चहाला आत शिरताना मानसिंगरावांचं डोकं त्यालाच आपटलं. कपाळ चोळत त्यांनी आतून वर पाहिलं, चुन्याखाली अक्षरांचे उठाव दिसले आणि हात कपाळावरच राहिला.

"बाई, हा दगड द्यावा लागेल."

"मग माळवद कशावर ऱ्हाईल? तुमच्या टोपीवर?"

"सरकार दुसरा बसवून देईल."

"दुष्काळात सरकार हीर खणून देनार हुतं. निम्मी खणून गेलं. निम्म्या घरात कसं ऱ्हायाचं?"

धोंडीराम दारातून ओरडले, "मथुरावैनी, एक दगड गेला की अख्खं गाव उकलंल बगा!"

"हितंच वाचून घ्या की, सायेब," मथुराबाई म्हणाली.

"कुठं मिळाला ते लिहावं लागतं. लिहिलं की दगड सरकारचा."

"मग घावला न्हाय म्हनून लिवा."

"गड जाईल."

"जाऊ द्या. गडाला पोरं न्हाईत. माजी दोन ह्या माळवदाखाली निजत्यात."

मानसिंगरावांनी गार झालेला चहा संपवला. कागदावर लिहिलं : लेख आढळला नाही.

खिंडार

आषाढात ट्रक लागले. पहिला बुरूज उतरला त्या दिवशी मथुराबाईला राहवेना. तिनं उलथन्यानं चुना खरवडला. सोलापूरचा ड्रायव्हर बंदेनवाज पाणी मागायला आला.

"तुला ह्ये वाचाया येतं का रं?"

"उर्दू येते की थोडी. हे फारसी दिसतंय." मान वाकडी करून तो बराच वेळ अक्षरं लावत राहिला. "नाव झिजलंय, मावशी. साल मात्र साफ आहे. हिजरी आठशे सत्तर. म्हणजे पाचशे वर्षं होऊन गेली."

"परत सांग."

त्यानं परत सांगितलं. मथुराबाईनं तांब्या भरून त्याच्या हातात दिला.

"बरं. कुनाला सांगू नगंस."

"आता सांगून कुणाला काय, मावशी?" बंदेनवाज म्हणाला, आणि पाणी पिऊन ट्रक भरला का ते बघायला गेला.