पाव मैलाची फोर्ड

गाडी आली ती बैलांच्या मागून. भाईंदरच्या एका पारशाच्या बंगल्यामागे एकोणतीस सालची फोर्ड पाच वर्षं पडून होती, आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. बंगला विकला गेला, नव्या मालकाला ती अडगळ नको झाली आणि रॉबर्टने ती जवळजवळ फुकटात पदरात पाडून घेतली. मिठागरांच्या बांधावरून ती ओढत उत्तनला आणली तेव्हा निम्मा गाव बघायला जमला. दारात उभ्या गर्ट्रूडने मनातल्या मनात उतारूसुद्धा बसवून टाकले. दोन पुढे, चार मागे, आणि टपावर माशांच्या टोपल्या.

लढाई संपून दीड वर्ष होत आलं होतं. रॉबर्ट पलटणीच्या मोटर वर्कशॉपात मिस्त्री म्हणून मिसरपर्यंत, म्हणजे इजिप्तपर्यंत, जाऊन आला होता आणि आता भाईंदरला मिठाच्या लॉऱ्यांच्या गॅरेजात कामाला होता. गेला तेव्हा बडबड्या होता, परत आला तो तोंडाला कुलूप लावूनच. गर्ट्रूडला वाटलं, गाडी लागेल, चार माणसं बसतील-उठतील, तसा हाही बोलता होईल.

पहिल्याच रविवारी त्याने गाडीची दारं उपटून काढली.

"दारं कशाला काढलीस?" तिने विचारलं.

"वजन."

"अरे, पण उतारू पडतील ना बाहेर!"

"उतारू न्हाय बसवायचे."

पुढच्या आठवड्यात मागची सीट गेली, मग मडगार्ड, टप, काच. शेवटी तर त्याने तळाच्या पत्र्याला गिरमिटाने भोकं पाडायला घेतली. गर्ट्रूडने कमरेवर हात ठेवले.

"काय करायचं हाय या सांगाड्याचं? खरं सांग."

"शर्यत लावायची हाय."

"कुणाशी?"

"घड्याळाशी. मालाडच्या पल्याड लढाईत बांधलेली विमानांची पट्टी हाय ना, तिथं मुंबईचा मोटर क्लब घेतो. उभ्या गाडीने सुटायचं, पाव मैल सरळ जायचं."

"आणि मंग?"

"मंग थांबायचं."

हा आता हसेल म्हणून ती वाट बघत राहिली. तो हसला नाही, पुढचं भोक पाडायला लागला.

पाव मैल! माणूस दोन मैल चालून चर्चला जातो, तीन मैल चालून बाजाराला जातो. पाव मैल जाण्यासाठी कुणी दोन महिने हातपाय काळे करून घेतं? खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलावं, असं तिला वाटलं आणि तिथून तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली.

त्या पालीला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ मॅन्युएल. लढाईच्या आधी तोही असाच एक जुनी गाडी घेऊन आला होता, आणि तीही टॅक्सीला म्हणूनच. सीटच्या खाली रबरी ट्यूबांत हातभट्टी भरून तो काशीगावच्या आबकारी नाक्यावरून मुंबईला न्यायचा. एके दिवशी सापडला. दीड वर्षाने सुटला तो छातीचं दुखणं घेऊनच, आणि सहा महिन्यांत गेला. त्याच्या मातीवर गर्ट्रूडने शपथ घेतली होती, या घरात त्या धंद्याचा थेंबही येऊ देणार नाही. रॉबर्टला हे सगळं ठाऊक होतं.

शेजारच्या पाली गावची इंदुबाई मासे घेऊन दारावरून जायची. एकदा टोपली खाली ठेवून ती गाडीभोवती फिरली, आत वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, "गर्टीबाय, रागावू नको. पन गाडी एवढी हलकी कशाला लागते, म्हायताय? पोलिसाच्या म्होरं पलायला."

"शर्यतीला हाय म्हणतो."

"म्हनू दे की." इंदुबाईने टोपली उचलली. "माजा नवरा बी भजनालाच जातो म्हनायचा."

त्यानंतर जयकुमार यायला लागला. गोरेगावच्या रंगाच्या कारखान्यात कामाला असलेला बारीक अंगाचा, चष्मेवाला माणूस. गर्ट्रूड रविवारी चर्चला मिस्साला निघाली की हा यायचा, पिशवीत काहीतरी जड घेऊन. ती परत यायची तेव्हा दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून कुजबुजत असायचे, आणि ती जवळ गेली की एकदम गप्प. "या वहिनी," जयकुमार म्हणायचा, चहा घ्यायचा, आभार मानायचा. इतका नम्र माणूस तिला आजवर भेटला नव्हता, आणि म्हणूनच तो तिला जास्त खुपायचा.

एका रविवारी ती अर्ध्या वाटेवरूनच परतली. जयकुमार नुकताच गेला होता. रॉबर्ट विहिरीवर हात धूत होता. गवताच्या भाऱ्यामागे तिला डबा सापडला, घट्ट बुचाचा. तिने बूच काढलं. वास नाकात चढला, उग्र, डोक्यात जाणारा. तिने चुलीपाशी बशीत चार थेंब घेतले आणि काडी लावली. निळी ज्योत उठली, धूर नाही, काजळी नाही. मॅन्युएल पहिल्या धारेची दारू अशीच पारखायचा.

"त्या डब्यात काय हाय?" जेवताना तिने विचारलं.

रॉबर्टचा घास हातात थांबला. "गाडीची दवा," तो म्हणाला आणि मान खाली घालून जेवत राहिला.

तिला पुढे विचारायची गरज उरली नाही.

आठ दिवस ती स्वतःशी भांडत होती. गप्प बसावं तर एक दिवस तो रस्त्यात भरल्या डब्यांनिशी सापडणार. आधीच कुणी दम दिला, डबा ओतून टाकला, तर वाचेल. नाक्यावरचा धर्मा जमादार इंदुबाईचा मावसभाऊ होता. गर्ट्रूड चालत काशीगावला गेली. पदर तोंडावर ओढून ती जमादारापुढे उभी राहिली.

"येत्या रविवारी सकाळी मिठाची लॉरी एक सांगाडा गाडी ओढत नेईल. तिच्यात डबा हाय. ओतून टाका, दम भरा. पण दादा, आत नका टाकू त्याला."

"कोण आहे तुझा?"

"नवरा."

"घरी जा बाई," धर्मा जमादार म्हणाला.

शर्यतीच्या रविवारी तीही हट्टाने निघाली. रॉबर्ट चकित झाला, पण नको म्हणाला नाही. लॉरीत ड्रायव्हरशेजारी जयकुमार आणि ती, आणि मागे दोराला बांधलेल्या फोर्डच्या एकुलत्या एक सीटवर चाक धरून रॉबर्ट. काशीगाव जवळ आलं तशी गर्ट्रूडच्या हातातली जपमाळ घामाने ओली झाली. शेजारी जयकुमार तोंडाने शीळ घालत होता. चोर माणूस नाका आल्यावर शीळ घालतो का, हा विचार तिला पहिल्यांदा तेव्हा आला. पण उशीर झाला होता. आडवा बांबू पडला.

धर्मा जमादाराने सरळ सीटमागे हात घालून डबा काढला, हुंगला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि पचकन थुंकला.

"वॉर्निशचं स्पिरिट," जयकुमार पुढे झाला. "कारखान्याची चिठ्ठी आहे साहेब. पिण्याचं नाही हे."

"ते मला शिकवू नका. हेच नवसागर घालून विकतात आणि माणसं आंधळी होतात. चिठ्ठी कुणीही लिहील. नेताय कुठे?"

"इंजिनात घालायला," रॉबर्ट म्हणाला.

दोन्ही शिपाई हसले. "म्हणजे गाडी दारू पिते?"

रॉबर्टने बॉनेट उघडलं. आणि गेल्या दीड वर्षात घरात जेवढं बोलला नव्हता तेवढं तो त्या नाक्यावर बोलला. इंजिनवरचं हेड, म्हणजे झाकण, कसं खरवडून पातळ केलं, त्यामुळे आतला दाब कसा वाढला, साध्या पेट्रोलवर इंजिन कसं ठोके खातं, आणि स्पिरिट मिसळलं की ते कसं थंड राहून जोराने ओढतं. दोन कार्बुरेटर दाखवले, इंजिनाला जोडलेलं, घासून हलकं केलेलं चाक दाखवलं. गर्ट्रूड लॉरीच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. त्याच्या आवाजात तिला लढाईआधीचा रॉबर्ट ऐकू आला.

"बोलता छान," जमादार म्हणाला. "चालवून दाखव. हा फर्लांगाचा दगड, तिथून पुढचा दुसरा. पाव मैल झाला. मधे फिरायचं नाही, पलीकडे पळायचं नाही. तुझी बायको इथे माझ्याजवळ राहील."

त्यांच्यासमोर डब्यातलं निम्मं स्पिरिट टाकीत गेलं. बांबू उचलला. जयकुमारने खिशातून स्टॉपवॉच काढलं. फोर्ड दगडापाशी उभी राहिली, गुरगुरली आणि रॉबर्टने हात वर करून खाली टाकला.

असला आवाज त्या रस्त्याने ऐकला नव्हता. मागची चाकं जागच्या जागी फिरली, धुळीचा लोट उठला आणि त्या लोटातून तो सांगाडा बंदुकीतून गोळी सुटावी तसा निघाला. झाडांवरचे बगळे उडाले. गर्ट्रूड ओरडली, पण आपण काय ओरडलो ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. धूळ खाली बसली तेव्हा गाडी दुसऱ्या दगडाच्या पुढे, खेळण्याएवढी दिसत होती.

"वीस आणि एक पंचमांश सेकंद," जयकुमार म्हणाला. "वहिनी, वीस!"

धर्मा जमादाराने टोपी मागे सारली. मग वर्दीची आठवण झाल्यासारखा तो खाकरला. "जा. पण टाकीतलंही परत डब्यात ओता, तो राहील इथे. नमुना पाठवावा लागेल. पंचनामा होईतो थांबा."

पंचनाम्यात दीड तास गेला. पट्टीवर पोचले तेव्हा शर्यत संपत आली होती. क्लबच्या गोऱ्या साहेबाने मनगटावरचं घड्याळ बघत त्यांना एक फेरी दिली. स्पिरिट नाक्यावरच राहिलं होतं, टाकीत नुसतं पेट्रोल होतं. रॉबर्टने धावपळीत कार्बुरेटर पेट्रोलला जुळवून घेतले. गाडी सुटली, निम्म्यावर टणटण ठोके द्यायला लागली आणि शेवटच्या शंभर यार्डांत निळा धूर सोडत कशीबशी पार झाली. पिस्टनला भोक पडलं होतं. साडेतेवीस सेकंद, चौदा गाड्यांत अकरावा नंबर. दुसरा नंबर जयकुमारच्या कारखान्याच्या मालकाचा आला.

परतताना एका हॉटेलापाशी लॉरी थांबली. रॉबर्ट फोर्डमधून उतरला आणि सरळ जयकुमारपुढे येऊन उभा राहिला.

"नाक्यावर खबर तूच दिलीस."

जयकुमारच्या हातातला कप तसाच राहिला. "मी?"

"डबा कुठे हाय ते तुला ठाऊक, मला ठाऊक. जमादाराने शोधला न्हाय, सरळ काढला. शेठची गाडी पुढे यावी म्हणून केलंस. दोन महिने माझ्या घरचा चहा पिऊन!"

"रॉबर्ट, तुला असं वाटतं?" जयकुमार एवढंच म्हणाला आणि चष्मा काढून पुसायला लागला.

गर्ट्रूडला गप्प बसता आलं असतं. तिला तसा मोह झालाही.

"मी दिली," ती म्हणाली.

रॉबर्टने वळून बघितलं. ती मॅन्युएलचं सांगू लागली, निळ्या ज्योतीचं, कुजबुजीचं, सगळं एकात एक गुंतलेलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं तुला."

"डब्याचं न्हाय सांगितलंस."

"सांगितलं असतं तर घरात ठेवू दिला असतास?"

तो परत फोर्डमध्ये जाऊन बसला. जयकुमार तिथूनच पायी स्टेशनकडे निघून गेला.

आठ दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. नवव्या दिवशी कालवण वाढून घेताना रॉबर्ट आपणहून बोलला. मिसरमध्ये सुट्टीच्या दिवशी गोरे सोल्जर वाळूवर अशाच उघड्या गाड्या पळवायचे. गाड्या तयार करायचा रॉबर्ट. "तीन वर्षं दुसऱ्यांसाठी इंजिनं लावली. जिंकले की खांद्यावर थाप मारायचे. एकदा विचारलं, मी चालवू का? सगळे हसले. वाईट म्हणून न्हाय हसले. त्यांना खरंच गंमत वाटली." त्याने भात कालवला. "पाव मैलच पाहिजे होता मला."

गर्ट्रूडने त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. तिला रडू येत होतं, पण त्या वेळी रडणं म्हणजे त्याच्याकडून समजूत काढून घेणं झालं असतं.

त्या शनिवारी ती एकटीच गोरेगावला गेली. कारखान्याच्या फाटकाशी जयकुमार आला. त्याने नमस्कार केला, पण आत या म्हणाला नाही. तिने बागेतली केळी पुढे केली.

"वहिनी, मला विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं," तो म्हणाला.

"विचारलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता," ती म्हणाली. "तेच सांगायला आलेय."

त्याने केळी घेतली. मग नव्या पिस्टनचं माप विचारलं. ते तिला माहीत नव्हतं. घरी जाऊन विचारते आणि पत्राने कळवते, म्हणाली आणि तसं कळवलंही.

पुढच्या हिवाळ्यात फोर्ड पुन्हा पट्टीवर उभी राहिली. एकोणीस आणि चार पंचमांश सेकंद, तिसरा नंबर. रॉबर्ट गाडीतून उतरला तेव्हा त्याचं तोंड काळं झालं होतं आणि दात तेवढे चमकत होते. दोराच्या पलीकडे, मालकाच्या माणसांत जयकुमार उभा होता. त्याने घड्याळ वर करून रॉबर्टला दाखवलं, दोन्ही हात उंच केले. गर्ट्रूडलाही त्याने मान लववून नमस्कार केला. पण उत्तनच्या घरी तो पुन्हा कधी चहाला आला नाही, आणि तिनेही त्याला या म्हणून आग्रह केला नाही.